‘ए’च्या जागी ‘बी’

चाचणी साधीच आहे. फाइल उघडायची, तिच्यात ‘ए’ या अक्षरानं भरलेला एक ठोकळा लिहायचा, त्यामागोमाग ‘बी’चा लिहायचा आणि दोघे आपापल्या जागी बसलेत ना, हे वाचून बघायचं. लिनक्स टेस्ट प्रोजेक्टच्या भल्यामोठ्या संचातली ही ‘पीरीडव्ही०३’ नावाची चाचणी नोव्हेंबर २०२३मध्ये कर्नलच्या स्थिर शाखांवर नापास होऊ लागली. पहिल्या जागी ‘ए’ हवा होता, निघाला ‘बी’.

एवढीशी ही ओळ, पण फार बोलकी. मजकूर डिस्कवर पोचलाच नसता तर शून्यं दिसली असती. डिस्कच बिघडली असती तर काहीबाही कचरा. इथे मागून आलेला ठोकळा पुढच्याच्या डोक्यावर बसला होता. लिहिणारा लिहीत होता, पण लिहून झाल्यावर त्याचा हात पुढे सरकत नव्हता.

हा झाला एक धागा; दुसरा लेखनपद्धतीचा. लिनक्समध्ये लिहिण्याची रोजची वाट ‘बफर्ड’: प्रोग्रामनं दिलेला मजकूर आधी मेमरीत ठेवला जातो आणि डिस्कवर सवडीनं जातो. दुकानदार दिवसभर कच्च्या वहीत टिपतो आणि रात्री खतावणीत चढवतो, तसंच. फाइल उघडताना ‘ओ-डायरेक्ट’ हा झेंडा लावला, तर कच्ची वही वगळून थेट खतावणीला हात घातला जातो. ‘ओ-सिंक’ या झेंड्याची अट वेगळी: नोंद पक्की झाल्याशिवाय ‘झालं’ म्हणायचं नाही. ‘पीरीडव्ही०३’ ही ओ-डायरेक्टची चाचणी.

डिसेंबरच्या सुरुवातीला सुसेचे अभियंते यान कारा यांनी गाठ सोडवून दाखवली. ओ-सिंक आणि ओ-डायरेक्ट एकत्र वापरले असता फाइलीचा वाढलेला आकारही डिस्कवर पक्का व्हावा, म्हणून ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलप्रणालीत एक दुरुस्ती झाली होती. मुख्य कर्नलमध्ये ती बिनचूक चालत होती. तीच दुरुस्ती जुन्या ६.१ शाखेत उतरवली गेली, पण ‘आयओमॅप’ या सामायिक थरातला ज्या बदलाच्या आधारावर ती उभी होती, तो बदल मागेच राहिला. नवी दुरुस्ती काम संपल्यावर ‘इतके बाइट लिहिले’ असा आकडा परत द्यायची. जुना आयओमॅप मात्र शून्य हाती आलं तरच फाइलीतली जागा पुढे सरकवायचा. बफर्ड लेखन सुखरूप, डायरेक्ट लेखन भलत्या जागी. दोन्ही तुकडे आपापल्या घरी शहाणे, एकत्र आले की डेटाची माती.

यात एक खोडसाळ फाटा आहे. ईएक्सटी४ ‘डेटा=जर्नल’ पर्यायानं माउंट केली, तर ती ओ-डायरेक्टची मागणी नाकारत नाही; गुपचूप बफर्ड वाटेला लावते. त्या पर्यायावर हीच चाचणी चालवणाऱ्याला सगळं आलबेल दिसलं असतं.

कारण कळेपर्यंत हा घोळ असलेली कर्नलची ६.१.६४ आवृत्ती बाहेर पडली होती. ती डेबियन लिनक्सच्या १२.३मध्ये जायची होती. ९ डिसेंबरला डेबियननं वितरण थांबवलं, लोकांना अपग्रेड करू नका म्हणून बजावलं आणि दुसऱ्या दिवशी ६.१.६६सह थेट १२.४ काढली.

इथे बिघाड फक्त डायरेक्ट लेखनात होता, म्हणजे पद्धतीनं दाखवलेलं बोट बरोबर होतं. पण त्याच सुमारास ओपनझेडएफएस या दुसऱ्या फाइलप्रणालीच्या मंडळींना अगदी उलटा अनुभव येत होता. जेंटू लिनक्स वापरणाऱ्यांना गो भाषेची साधनं बसवल्यावर फाइलींमध्ये शून्यांचे पट्टे सापडले. ऑक्टोबरमध्ये आलेल्या २.२मध्ये ‘ब्लॉक क्लोनिंग’ (प्रतीला मूळ फाइलीचेच ठोकळे वापरू देणं) नवं होतं, म्हणून संशय तिकडेच गेला. २.२.१नं ते बंद केलं. बिघाड काही थांबेना. क्लोनिंग मुळात नसलेल्या २.१ शाखेवरही तो घडवून दाखवता आला. खरा दोष कितीतरी जुना होता. फाइलीत अजून डिस्कवर न गेलेला बदल आहे का, हे तपासणारी अट अपुरी होती, आणि त्या निसटत्या क्षणी झेडएफएस नुकत्याच लिहिलेल्या भागाला ‘पोकळी’ म्हणायची. २०२१च्या कोअरयुटिल्स या आज्ञासंचाच्या ९.०पासून प्रत काढणारी ‘सीपी’ आज्ञा अशा पोकळ्या कुठे आहेत ते विचारते आणि वगळते. परिणामी मूळ फाइल ठणठणीत, प्रत रिकामी. आणि प्रतीचा झेडएफएसनं ठेवलेला चेकसमही जुळलेला, कारण प्रतीत तेवढंच लिहायला सांगितलं होतं. ३० नोव्हेंबरला २.२.२ आणि २.१.१४ आल्यावर प्रकरण मिटलं.

एक सोय बंद केली, चाचणी हिरवी झाली, गुन्हेगार सापडला, हा हिशेब फार लवकर मांडला जातो. या स्तंभाच्या मते पद्धत बदलून बिघाड गेला, तर चौकशी तिथून सुरू व्हायला हवी: आता कोडची कोणती वाट चालली, कोणती चाललीच नाही, की फक्त वेळेचं गणित बदललं? त्यासाठी चाचणीच्या अहवालात ‘नापास’ एवढाच शेरा पुरत नाही. माउंटचे पर्याय, फाइल उघडतानाचे झेंडे, ठोकळ्याचा आकार, आणि मागितलेली पद्धत खरोखर मिळाली की परस्पर बदलली गेली, हे सारं त्यात छापलेलं असावं. ईएक्सटी४चा दोष एकाच धावेत हमखास दिसणारा होता. झेडएफएसचा तसा नव्हता. त्याला पकडणारी स्क्रिप्ट फाइलींच्या प्रती एकाच वेळी ढिगानं काढत होती, आणि त्यातली एखादीच बिघडून निघायची.