निसर्गाची रोजकीर्द

पूर्वी अंगणात चिमण्यांचे थवे उतरत, ते आता दिसेनासे झाले. पळस अलीकडे लवकर फुलतो. पावसाळ्यातला बेडकांचा गलका गावातून नाहीसा झाला. अशी विधाने आपल्याकडे नित्य ऐकू येतात. त्यांत तथ्य असेलही. पण चिमण्या तेव्हा किती होत्या आणि पळस नेमका कोणत्या आठवड्यात फुलत असे, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. २०२० साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी एक अहवाल प्रसिद्ध झाला. मोठ्या शहरांत चिमण्या घटल्या असल्या तरी देशभराचा विचार करता त्यांची संख्या बव्हंशी स्थिर आहे, हा त्याचा निष्कर्ष रूढ समजाला छेद देणारा होता. आठवण हा पुरावा नव्हे, हेच त्यावरून दिसते. निसर्ग बदलला काय, किती आणि कशामुळे, हे ठरवायचे तर काल काय होते याची तारीखवार नोंद हाताशी असावी लागते. ही नोंद ठेवण्याचे काम संग्रहालयांतील शास्त्रज्ञ आणि हौशी निरीक्षक मिळून करतात. पण त्यांच्या या कामाची आपल्या सार्वजनिक जीवनात व्हावी तेवढी कदर होत नाही.

संग्रहालय म्हणजे काचेच्या कपाटात पेंढा भरून ठेवलेले वाघ आणि मोर, अशी सर्वसाधारण समजूत आहे. खरा संग्रह प्रेक्षकांच्या दृष्टीआड, खणांत आणि पेट्यांत असतो. तिथल्या प्रत्येक पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते आणि तीवर स्थळ, तारीख आणि संग्राहकाचे नाव लिहिलेले असते. चिठ्ठी हरवली की तोच नमुना शास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी ठरतो. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीपाशी असा फार मोठा संग्रह आहे. १८८३ साली आठ जणांनी ही संस्था स्थापन केली. त्यांत प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे अभ्यासक डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय होते. संस्थापकांपैकी एक मीठ व जकात खात्यातला अधिकारी होता. पोटाचा उद्योग सांभाळून उरल्या वेळात निरीक्षण करणाऱ्यांनीच हा पाया घातला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

चिठ्ठीवरील दोन ओळींचे मोल किती असते, हे खानदेशच्या रानपिंगळ्याच्या कथेवरून कळते. या लहानशा घुबडाचे जगभरच्या संग्रहालयांत मिळून अवघे सात नमुने होते. त्यांतील शेवटचा रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळवला, असे त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेले होते. पुढे अनेक दशके हा पक्षी कोणाच्या दृष्टीस पडला नाही. अमेरिकन संशोधिका पामेला रासमुसेन यांनी मूळ नमुन्यांची बारकाईने तपासणी केली, तेव्हा ही चिठ्ठी खोटी असल्याचे उघड झाले. खानदेशात अधिकारपदावर असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० नंतरच्या वर्षांत जमवलेला एक नमुना चोरून त्यावर नवे स्थळ आणि नवी तारीख चढवण्यात आली होती. कातडे टिकवण्याची डेव्हिडसन यांची खास पद्धत त्यात ओळखू आली. मांडवीचा खोटा दाखला बाजूला सारून खऱ्या चिठ्ठ्यांच्या आधारे शोध घेतला गेला आणि १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळच्या रानात हा पिंगळा जिवंत सापडला. त्यानंतर तो मेळघाटात आणि मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसाच्या जंगलातही आढळला. एका खोट्या नोंदीने शास्त्रज्ञांची दिशाभूल केली आणि शंभर वर्षांपूर्वीच्या प्रामाणिक नोंदीने त्यांना वाटेवर आणले.

जुन्या नोंदी पक्ष्यांचा पत्ता सांगतात, तशा त्या अपराध्यालाही पकडून देतात. ब्रिटनमध्ये बहिरी ससाण्यांची संख्या झपाट्याने घटली, तेव्हा डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहांतील जुन्या अंड्यांची नव्या अंड्यांशी तुलना केली. डीडीटीचा वापर सुरू झाल्याच्या सुमारास कवच एकाएकी पातळ झाले होते, हे १९६७ साली त्यांनी दाखवून दिले. ही अंडी जमवणाऱ्या हौशी माणसांच्या स्वप्नातही डीडीटी आले नसेल. आपल्याकडे भरतपूरच्या अभयारण्यातील गिधाडांची गणती ऐंशीच्या दशकात झालेली होती, म्हणूनच पुढच्या दशकातली त्यांची घसरण आकड्यांनी सिद्ध करता आली. जनावरांना देण्यात येणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्यास कारणीभूत असल्याचे २००४ साली पाकिस्तानातील संशोधनातून निष्पन्न झाले आणि २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. तोवर फार उशीर झाला होता. १९९२ मध्ये पांढऱ्या पाठीची हजार गिधाडे होती असे मानले, तर २००७ पर्यंत त्यांतले जेमतेम एक उरले होते. पहिली गणती नसती तर हा विनाश केवळ गावगप्पांचा विषय झाला असता.

आज हे काम बंदुकीने होत नाही आणि होऊही नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला आहे. शास्त्रज्ञांच्या मदतीला आता दुर्बीण, कॅमेरा, ध्वनिमुद्रण आणि हजारो स्वयंसेवक आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पक्षिस्थितीच्या अहवालासाठी सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटींच्या घरातील नोंदी वापरण्यात आल्या. त्यात ९४२ जातींचा विचार झाला. परंतु दीर्घकाळातील चढउतार ठरवता आला तो केवळ ३३८ जातींचा. त्यांपैकी २०४ जाती घटल्या, ९८ स्थिर राहिल्या आणि ३६ वाढल्या. उरलेल्या सहाशे जातींबद्दल तसे सांगता येत नाही, कारण पुरेशा नोंदी नाहीत. घटलेल्या २०४ जातींइतकीच ही सहाशेंची अनिश्चितता अस्वस्थ करणारी आहे.

अप्रशिक्षित माणसांच्या नोंदींवर भरवसा कितपत ठेवावा, अशी शंका घेतली जाते आणि ती अनाठायी नाही. हौशी निरीक्षक शहरांजवळ आणि प्रसिद्ध तलावांवर गर्दी करतो, दुर्मीळ पक्षी दिसला की मोहरतो आणि कावळ्याची नोंद करण्याचा कंटाळा करतो. म्हणून शास्त्रज्ञांनी काही शिस्त घालून दिली आहे. किती वेळ पाहिले, किती अंतर चालले आणि ओळखू आलेल्या सर्व जाती कोणत्या, हे लिहावयाचे असते. संशयास्पद नोंद जाणकारांच्या नजरेखालून जाते. यादी पूर्ण असली की जी जात तीत नाही तिची अनुपस्थितीही पुरावा बनते. रोजकीर्द लिहिणाऱ्या कारकुनाला हे तत्त्व नवे नाही. मोठी रक्कमच तेवढी टिपली आणि किरकोळ खर्च सोडून दिला, तर ताळेबंद जुळत नाही. झाडांच्या बाबतीत तर अवजारही लागत नाही. एकच आंबा किंवा बहावा निवडून दर आठवड्याला पालवी, मोहोर आणि फळ यांची नोंद करावयाची, असा देशव्यापी उपक्रम २०१० पासून चालू आहे आणि त्यात शाळांचा वाटा मोठा आहे.

मात्र स्वयंसेवकांच्या उत्साहावर सारा भार टाकून शासनाला आणि विद्यापीठांना मोकळे होता येणार नाही. पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा संग्रह किंवा मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील १९०६ साली स्थापन झालेला ब्लॅटर वनस्पतिसंग्रह यांसारखी ठेव जतन करण्यास माणसे लागतात, कोरडी हवा लागते आणि दरवर्षी नियमाने पैसा लागतो. २६ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीचे राष्ट्रीय प्राकृतिक इतिहास संग्रहालय आगीत भस्मसात झाले. २ सप्टेंबर २०१८ रोजी ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयाची तीच गत झाली. इमारत पुन्हा उभारता येते. पण शतकापूर्वी नोंदवलेला पक्षी आज कितीही पैसा ओतला तरी पुन्हा मिळणार नाही. जुन्या संग्रहांची आगीपासून सुरक्षितता, चिठ्ठ्यांची छायाचित्रे व सूची आणि जाती ओळखणाऱ्या अभ्यासकांसाठी कायम पदे या गोष्टींना अनुदान देणे हा खर्च नसून सार्वजनिक दस्तऐवजांचे रक्षण आहे. गावचा सातबारा जपणाऱ्या राज्याला गावच्या रानाचा उतारा जपणे जड जाऊ नये.

महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना याची सुरुवात आपल्या विभागातील कपाटांपासून करता येईल. तिथे पडून असलेल्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या वाचून त्यांची यादी करणे, हा विद्यार्थ्यांसाठी कोणत्याही पाठांतरापेक्षा उपयुक्त अभ्यास ठरेल. त्याच विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाच्या आवारातील झाडे आणि पक्षी यांची वही दरवर्षी पुढे चालवावी. आरंभी या वहीत विशेष असे काही आढळणार नाही आणि त्यामुळे ती बंद करण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. आज क्षुल्लक वाटणारी कोणती नोंद उद्या निर्णायक ठरेल, हे डेव्हिडसन यांनाही ठाऊक नव्हते. त्यांनी स्थळ आणि तारीख तेवढी खरी लिहून ठेवली होती.