सुई टोचण्याआधीचा प्रश्न

जीव वाचवण्यासाठी दिलेले इंजेक्शन क्वचित जिवावरही उठते. सेफ्ट्रियाक्सोनसारखी प्रतिजैविके, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके, भूल देतानाची स्नायू शिथिल करणारी औषधे, सीटी स्कॅनची डाय. रुग्णालयातील या रोजच्या औषधांपैकी कशानेही अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे तीव्र अ‍ॅलर्जी, होऊ शकते. अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो. औषध शिरेतून गेले असेल, तर हे सारे काही मिनिटांत घडते.

यावर पहिला उपाय एकच : मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रिनॅलिन, प्रौढाला ०.५ मिलिग्रॅम. औषध जुने आहे, स्वस्त आहे. तरीही पहिला हात अनेकदा अ‍ॅव्हिल आणि स्टिरॉइडकडेच जातो. ही दोन्ही दुय्यम औषधे. त्यांच्या भरवशावर दवडलेली मिनिटे महागात पडतात. ‘टेस्ट डोस दिला होता’ हेही कवच नव्हे; तेवढ्या थेंबानेही झटका येऊ शकतो.

उलट बाजूही आहे. पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीचा शिक्का बसलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जणांना तपासणीत ती नसल्याचे आढळते. म्हणून कोणते औषध, कधी, नेमके काय झाले, याची नोंद केसपेपरवर ठळक हवी.

देशात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदणीचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णही माहिती देऊ शकतात. प्रत्येक वॉर्डच्या ट्रॉलीत अ‍ॅड्रिनॅलिन आणि प्रत्येक सुईआधी ‘कशाची अ‍ॅलर्जी आहे का?’ हा प्रश्न, एवढे तरी रुग्णालयांनी सक्तीचे करावे.