कोल्हापूरचा फुटबॉल : आश्रयाकडून सहकाराकडे

कुस्तीचे माहेरघर म्हणून कोल्हापूरची ख्याती आहे. परंतु या शहराच्या पेठांचे रक्त खरोखर तापते ते फुटबॉलच्या मोसमात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार किंवा प्रॅक्टिस क्लब आणि खंडोबा तालीम समोरासमोर आल्या, की तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांनी मैदान फुलून जाते. क्रिकेटने देशभर इतर खेळ झाकोळून टाकले असताना महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी हे घडते, ही सामान्य गोष्ट नव्हे. तरीही एवढ्या प्रेमाचे या खेळाला व खेळाडूला फळ काय मिळाले, हा प्रश्न विचारणे आवश्यक झाले आहे.

या फुटबॉलचा उगम समजून घेतल्याशिवाय त्याचे दुखणे समजणार नाही. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला राजाश्रय दिला, खासबागेचे भव्य मैदान उभारले आणि पेठापेठांतील तालमींना प्रतिष्ठा मिळवून दिली. संस्थानी काळातच फुटबॉल येथे रुजला आणि पुढे या तालमींनी तो आपलासा केला. त्यामुळे कोल्हापुरात संघ म्हणजे केवळ अकरा खेळाडू नव्हेत. ज्या तालमीत लाल माती आहे, जेथे गणपती बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात, त्याच तालमीचा तो संघ असतो. जातिधर्माच्या भिंती ओलांडून पेठेला एकत्र बांधणारी इतकी जिवंत संस्था इतरत्र क्वचितच आढळेल.

मात्र १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तरी आश्रयाची मानसिकता विलीन झाली नाही. छत्रपती घराण्याने कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या द्वारे या खेळाची पाठराखण चालू ठेवली, याबद्दल कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. पण तालमींनी आपल्या खर्चासाठी नवे आश्रयदाते शोधले. नेत्यांच्या नावांचे चषक आले, बक्षिसांच्या रकमा फुगल्या आणि अलीकडच्या काळात परदेशी खेळाडू मोसमापुरते आणण्याची चढाओढ लागली. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर पैसा उपभोगावर खर्च होतो, भांडवलनिर्मितीवर होत नाही. चषक एका संध्याकाळी संपतो. दहा वर्षांच्या मुलाला शिकवणारा प्रशिक्षक मात्र वर्षभर लागतो आणि त्याच्या मानधनासाठी मंडप कोणी घालत नाही.

या संदर्भात अर्जेंटिनातील रोसारिओ या शहराचे उदाहरण उद्बोधक आहे. पाराना नदीकाठच्या या बंदराच्या गावी १८८९ मध्ये रेल्वेच्या कामगारांनी एक फुटबॉल क्लब काढला. १९०३ मध्ये रेल्वेबाहेरच्या लोकांनाही सभासदत्व खुले झाले आणि क्लबला रोसारिओ सेंट्रल हे नाव मिळाले. राजधानीच्या बलाढ्य क्लबांची मक्तेदारी मोडून या क्लबने १९७१ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. २०१० मध्ये तो खालच्या श्रेणीत घसरला, पण मोडला नाही. २०१३ मध्ये परत आला. याचे कारण त्याच्या रचनेत आहे. तो कोणा धनिकाची मालमत्ता नसून सभासदांची संस्था आहे. सभासद वर्गणी भरतात, मतदान करतात, अध्यक्ष निवडतात आणि त्याला खालीही खेचतात. याच क्लबमध्ये घडलेला दि मारिया २००७ मध्ये युरोपात गेला आणि जगज्जेता होऊन २०२५ मध्ये पुन्हा आपल्या क्लबकडे परतला.

तेथे सर्व आलबेल आहे असे मात्र मुळीच नाही. कर्जबाजारीपणा आणि पाठीराख्यांची गुंडगिरी यांनी अर्जेंटिनाचे क्लब ग्रासलेले आहेत. हेच कारण पुढे करून २०२३ च्या अखेरीस तेथील सरकारने क्लबांचे कंपन्यांत रूपांतर करण्याची वाट खुली करणारा हुकूम काढला. त्याला फुटबॉल संघटनेने आणि अनेक क्लबांनी कडवा विरोध केला. मालकी हातची गेली, तर क्लबही आपला राहणार नाही, हे तेथील सामान्य सभासदाला कळते.

कोल्हापूरला हे तत्त्व शिकण्यासाठी वास्तविक अर्जेंटिनाला जाण्याची गरज नाही. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाने दोन-चार म्हशी बाळगणाऱ्या शेतकऱ्याला मालक केले. गावच्या दूध संस्थेत रोज माप होते, फॅट पाहून दर ठरतो आणि बिल ठरल्या दिवशी मिळते. सहकारातही राजकारण शिरले, हा आक्षेप खरा आहे. कोल्हापूरकरांना तो निराळा सांगायला नको. पण हिशेब आहे म्हणूनच तेथे जाब विचारता येतो. आश्रयदात्याला जाब कोण विचारणार?

अनेक तालमी कागदोपत्री नोंदलेल्या असतीलही. नोंदणी म्हणजे सभासदत्व नव्हे. पेठेतल्या प्रत्येक घराने वर्षाकाठी अल्प वर्गणी भरावी, त्याला एक मत असावे, वार्षिक सभेत तपासलेला जमाखर्च वाचला जावा आणि उत्पन्नाचा ठरलेला वाटा मुलामुलींच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा. मुलींचा उल्लेख उपचार म्हणून केलेला नाही. कोल्हापूरचा महिला संघ राष्ट्रीय लीगमध्ये खेळलेला आहे. नोंदी ठेवण्याला रोकड मोलही आहे. जागतिक फुटबॉल महासंघाच्या नियमांनुसार खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, तर त्या रकमेचे पाच टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडविणाऱ्या क्लबांत वाटले जातात. ज्या क्लबाकडे त्या वर्षांची रीतसर नोंद नाही, तो हक्क कशाच्या आधारे सांगणार?

२०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. परंतु त्याला घडण्यासाठी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावे लागले. या मातीत गुण आहेत, हे त्याने सिद्ध केले. गुण सांभाळणारी व्यवस्था येथे नाही, हेही त्याच्या प्रवासाने दाखवून दिले. पेठेच्या नावासाठी मैदानात आणि मैदानाबाहेरही भांडण्यास जो तरुण तयार असतो, त्याच्या हाती तालमीच्या जमाखर्चाची वही दिली गेली पाहिजे. जिंकल्याचा गुलाल उधळण्याचा अधिकार त्याला आहेच. हिशेब मागण्याचा अधिकारही त्याला मिळाला, तर त्याची निष्ठा हुल्लडबाजीत वाया जाणार नाही. राजर्षींनी तालमींना आश्रय दिला तो त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहाव्यात म्हणून. आता ते पाय रोवण्याची जबाबदारी पेठांची आहे.