व्हिडिओ कॉलवर पेशंट कसा तपासायचा, हे डॉक्टरांना कोण शिकवणार?

पोटात दुखतंय म्हणून तुम्ही ई-संजीवनीवर कॉल लावला. साधी ॲसिडिटी की अपेंडिक्स? डॉक्टरांना तुमचं पोट दाबून बघता येत नाही. मग ते ठरवणार कसं?

नियम काय सांगतात?
25 मार्च 2020 ला, म्हणजे लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. पेशंटची ओळख पटवा, संमती घ्या, नोंद ठेवा. अमली पदार्थांच्या यादीतली औषधं ऑनलाइन लिहून देता येत नाहीत. एआय डॉक्टरांना मदत करू शकतं, पण स्वतः औषध लिहून देऊ शकत नाही. ऑनलाइन सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना एक कोर्स सक्तीचा असेल, असंही त्यात म्हटलंय.

मग अडचण कुठे?
डिग्रीनंतरचा कोर्स नियम शिकवेल, पण पारख सरावानेच येते. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एका संशोधनात दिसलं की, पल्स ऑक्सिमीटरमध्ये न दिसलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीय पेशंटमध्ये गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होती. थोडक्यात, स्क्रीनवरचा आकडा खरा असेलच असं नाही.

काय करता येईल?
मेडिकल आणि नर्सिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक पेशंट फोनवरही द्या. विद्यार्थ्याने काय विचारलं, आणि 'आता कॉल पुरे, लगेच दवाखान्यात या' हे कधी सांगितलं, यावर मार्क द्या.

ॲप्स बदलत राहतील. हा निर्णय मात्र माणसालाच घ्यावा लागणार आहे.