सात दाबा, पुढे चला!

२०१८च्या पावसाळ्यात चिखलदऱ्याला गेलो होतो. धुकं, भीमकुंड, गाविलगड यावर पुन्हा कधीतरी. आज जे लिहायचंय त्यावरून माझं डोकं तेव्हापासून सरकलेलं आहे.

तिथल्या एका सेवा केंद्रात आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर चालायचं, म्हणून सहज डोकावलो. बाकावर एक कोरकू आजी बसलेल्या. रोजगार हमीची मजुरी काढायला आल्या होत्या. पण अंगठ्याचं मशीन बंद. केंद्रातला पोरगा म्हणाला, "भाऊ, लाइन गेली का हे असंच होते. मंग पुन्हा चालू करून मले सात दाबा लागते."

सात? मशीनबरोबर आलेल्या कागदावर लिहिलेलं होतं: विंडोजच्या स्टार्टअप सेटिंग्जमध्ये जा आणि ७ दाबा. मराठीत सांगायचं तर, 'बाबा रे, ड्रायव्हरची सही तपासू नकोस.' ही सूट पुढच्या रीस्टार्टपर्यंतच टिकते. आणि घाटावरच्या पावसात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. म्हणजे प्रत्येक वेळी पुन्हा सात. त्या दिवशी लाइट आली तोवर गाडीची वेळ झाली होती. आजी काही न बोलता उठून गेल्या.

मी त्या पोराला काय म्हणालो? "आमच्या ऑफिसात तर व्यवस्थित चालतं!" आजही आठवलं की लाज वाटते.

ऑफिसात का चालत होतं ते परत गेल्यावर कळलं. ६४-बिट व्हिस्टापासून विंडोज कर्नलमध्ये सही नसलेला ड्रायव्हर घेत नाही. २०१६मध्ये विंडोज १०च्या १६०७ आवृत्तीपासून नियम आणखी कडक झाला: नवा कर्नल ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवरूनच सही होऊन आला पाहिजे. पण जुन्या विंडोजवरून अपग्रेड केलेल्या मशीनला सूट, सिक्युअर बूट बंद असेल तर सूट, आणि २९ जुलै २०१५पूर्वी दिलेल्या प्रमाणपत्राने सही केली असेल तरी सूट. आमच्या ऑफिसातली झाडून सगळी मशीन्स विंडोज ७वरून अपग्रेड केलेली! चिखलदऱ्यातला पीसी मात्र कोरा करकरीत, सिक्युअर बूट चालू. तिथे पिवळं उद्गारचिन्ह आणि कोड ५२.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "सही वगैरे सगळी मायक्रोसॉफ्टची दादागिरी आहे हो. सहीमुळे काय सुरक्षित होतं?" मुद्दा अगदीच पोकळ नाही. २०१०मध्ये सापडलेल्या स्टक्सनेटच्या ड्रायव्हरवर रिअलटेक आणि जेमायक्रॉनच्या चोरलेल्या प्रमाणपत्रांची सही होती. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइकच्या एका अपडेटने सुमारे ८५ लाख मशीन्स आडवी केली, तो ड्रायव्हरसुद्धा रीतसर सही केलेला होता. सही म्हणजे कामाची गॅरंटी नव्हे, मान्य.

पण म्हणून दारावरचा रखवालदारच हाकलायचा? चिखलदऱ्याचं नाव कीचकदऱ्यावरून आलं असं सांगतात. कीचकाने अंधारात सैरंध्री समजून हात लावला आणि निघाला भीम. समोर कोण आहे ते न तपासण्याची किंमत त्या गावाच्या नावातच आहे, आणि आपण तिथल्याच पोराला 'तपासू नकोस' शिकवतो! तेसुद्धा लोकांचे पैसे हाताळणाऱ्या मशीनवर.

मंडळी, दोष त्या पोराचा नाही, आपला आहे. आपण इन्स्टॉलरमध्ये पुरवठादाराची लायब्ररी कोंबतो, 'सक्सेसफुल' असा डबा दाखवतो आणि हात झटकतो. खरं तर कामं मोजकी आहेत. प्रत्येक रिलीज नव्याने विंडोज टाकलेल्या, सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर तपासा. आयएनएफ फाइलमध्ये एक अक्षरही स्वतःच्या मनाने बदलू नका. सही कॅटलॉग फाइलवर असते आणि तिच्यात बाकी फाइल्सचे हॅश असतात. अक्षर बदललं की सही गेली. सहीवर टाइमस्टॅम्प आहे ना ते पाहा, नाहीतर प्रमाणपत्राची मुदत संपली की सहीचाही भरवसा संपला. पीएनपीयुटिलने ड्रायव्हर टाकताना एरर आला तर तो गिळू नका, इन्स्टॉलर तिथेच थांबवा. आणि मशीन बनवणाऱ्याला विचारा, स्वतःचा कर्नल ड्रायव्हर हवाच कशाला? साध्या यूएसबी उपकरणाचं काम बऱ्याचदा विंडोजमधल्याच विनयूएसबीवर भागतं.

आम्ही शेवटी पुरवठादाराच्या मागे लागून पोर्टलची सही असलेला ड्रायव्हर मिळवला. सात आठवडे लागले. हे काम आम्ही मशीन विकायच्या आधीही करू शकलो असतो.

यापुढे कुठल्याही मॅन्युअलमध्ये '७ दाबा' दिसलं तर ते कुणाचं तरी अर्धवट सोडलेलं काम आहे असं समजा. आणि ते मॅन्युअल तुमचंच असेल, तर सोमवारी पहिलं काम तेच.