पोरांच्या आधी आपली झडती

भालकी-औरादकडच्या मंडळ्यांमध्ये उपासना सुटली की वडीलधाऱ्यांची तक्रार एकच. पोरं बिघडली. पुण्याला, हैदराबादला कामाला गेली, मोबाइलला चिकटली, पवित्र शास्त्र हातात धरत नाहीत. मीही त्याच वडीलधाऱ्यांतला. म्हणूनच विचारतो, या पोरांनी आपल्या घरात काय पाहिलं?

आपले आजे-पणजे निजामाच्या राजवटीत ख्रिस्ती झाले. बहुतेक मादिग, मांगवाड्यातले. ज्यांच्या ओंजळीत लांबून पाणी ओतलं जाई, त्यांच्या तळहातावर प्रभुभोजनाची भाकर ठेवली गेली. याकोबाच्या विहिरीवर प्रभूने शोमरोनी बाईच्या हातचं पाणी मागितलं, ही गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागली नाही.

आणि आपण? सोयरीक जमवताना 'मूळचे कोण?' हे आधी विचारतो. 1961 पासून हुंडाबंदीचा कायदा आहे. आपण दार लावून आकडा ठरवतो आणि त्याच लग्नावर पाळकाकडून आशीर्वाद मागतो. आमच्या मंडळीतल्या एका पोराने पुण्यात दुसऱ्या पोटजातीतल्या ख्रिस्ती मुलीशी लग्न केलं. एक पैसा घेतला नाही. बाप लग्नाला गेला नाही. आम्ही वडीलधारे मात्र त्या बापाचं सांत्वन करायला गेलो. मीही गेलो. सुवार्ता त्या पोराने पाळली होती आणि आम्ही तिचं सुतक धरलं.

हे बसवकल्याणच्या मुलखात घडतं. इथेच बाराव्या शतकात चांभार हरळय्याच्या मुलाचं आणि ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीचं लग्न लागलं. त्यापायी राजा बिज्जळाने दोन्ही बापांना ठार केलं. पोरांच्या लग्नासाठी त्या बापांनी जीव दिला, आणि आपल्याला जातीचा हट्ट सोडवत नाही.

आणखी एक दुखणं आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा नाही. शिखांना तो 1956 मध्ये मिळाला, बौद्धांना 1990 मध्ये. हा अन्याय आहे आणि तो सरकारचा आहे. त्यापायी कुणी चर्चच्या वहीत एक धर्म आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरा लिहिला, तर त्या गरिबाला मी दोष देणार नाही. दोष आपला एवढाच, की पोराला आपण ही गोष्ट मोकळेपणाने सांगितली नाही. 'कुणाला बोलू नको' म्हणालो. हक्कासाठी भांडायचं सोडून त्याला लपायला शिकवलं, आणि आता तो आपला विश्वास उघडपणे सांगत नाही म्हणून आपणच रडतो.

पोरं निर्दोष नाहीत. ज्याचं पाप त्याच्याच माथी, हे यहेज्केलाने बजावलं आहे. पण शिलोच्या एली याजकाचं घर बुडालं ते केवळ मुलांच्या पापाने नव्हे. बापाला सगळं ठाऊक होतं, तरी त्याने मुलांना आवरलं नाही. आपण तर त्या चुकीच्या वाटेवर स्वतःच पुढे चाललो होतो.

मंडळीतल्या बाप-आयांनो, पुढच्या लग्नाची बोलणी दार उघडं ठेवून करा, आणि पोरांना समोर बसवा.