पंगत मोडली, पंक्तिभेद उरला

लग्नसराई जवळ आली की खानदेशातल्या घराघरांत एका प्रश्नावर खल सुरू होतो : पाहुण्यांसाठी पंगत बसवायची की बुफे लावायचा? जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यातील पहूर हे असेच एक गाव. वाघूर नदीच्या काठी, पेठ आणि कसबे अशा दोन भागांत वसलेले, जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे. हमरस्त्यावरच्या गावात शहराची रीत लवकर पोचते. वडीलधारी मंडळी पंगतीचा आग्रह धरतात, शिकून बाहेर पडलेली मुले बुफेचा. आणि मुलीचा बाप दोघांचे ऐकत मनातल्या मनात बेरीज करीत बसतो. हा प्रश्न वरवर घरगुती वाटतो. परंतु कोणी कोणाशेजारी जेवावे, कोणी आधी आणि कोणी शेवटी, वाढावे कोणी आणि उष्टी काढावीत कोणी, हे या देशात कधीच केवळ घरगुती प्रश्न नव्हते.

प्रथम पानातल्या पदार्थाकडेच पाहावे. खानदेशातील लग्नाचे जेवण म्हणजे वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. जाडसर दळलेल्या पिठाची बट्टी हाताने कुस्करायची, तिच्यावर वरण ओतायचे, तुपाची धार सोडायची आणि कालवून खायचे. या जेवणाला मांडी घालून बसणे लागते, निदान समोर पान टेकवायला जागा लागते. एका हातात ताटली तोलून, धक्के चुकवीत, उभ्याने वरण-बट्टी खाता येत नाही. म्हणून बुफे आला की ताटातले अन्नही बदलते. सुटे तुकडे, तळलेले पदार्थ, चमच्याने उचलता येईल अशा भाज्या पुढे येतात आणि गावची बट्टी एका कोपऱ्यात ‘खास खानदेशी’ अशा पाटीखाली जाऊन बसते. आपल्याच गावात आपलेच अन्न पाहुणे व्हावे, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

तथापि पंगतीच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी तिचा इतिहास विसरू नये. ‘पंक्तिभेद’ हा शब्द मराठीला पंगतीनेच दिला. जातीजातींच्या पंगती वेगळ्या होत्या. काहींना पंगतीत स्थानच नव्हते, त्यांच्या वाट्याला मांडवाबाहेरचे उरलेसुरले होते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्ट्याचे तुकडे यांचा त्याग करण्याची हाक दिली, ती या अपमानाविरुद्धच होती. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजने घडवली, तीही एका ओळीत बसून जेवणे हेच त्या काळी बंड होते म्हणून. खानदेशाने ज्यांना आपले मानले त्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले. देवळाचे दार उघडले; जेवणाच्या मांडवाचे दार पुढेही पुष्कळ ठिकाणी अर्धेच उघडे राहिले. शिवाय ज्या स्त्रियांनी दोन दिवस राबून मांडवात बट्ट्या केल्या, त्यांची पंगत सर्वांत शेवटी, वरण पातळ झाल्यावर बसायची.

म्हणून बुफेला त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. पंगतीत माणसाला कोणीतरी बसवतो आणि बसवताना तो कोण हे पाहतो. बुफेत प्रत्येकजण स्वतः ताटली उचलतो. पुढे कोण, मागे कोण, याची चौकशी होत नाही. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘तू तिकडे बस’ असे ऐकावे लागले, त्याला या चौकशीविना मिळणाऱ्या ताटलीचे मोल कळते. जातीची ओळ मोडण्याचे काम बुफेने काही अंशी केले आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

पण ओळ मोडली म्हणून भेद मोडला काय? मांडवात जरा फिरून पाहिले तर उत्तर मिळते. पुढाऱ्यांसाठी, अधिकाऱ्यांसाठी आणि वरपक्षाच्या बड्या पाहुण्यांसाठी बाजूला सोफे मांडलेले असतात, पंखे असतात, त्यांच्यापुढे ताट आणून ठेवले जाते. म्हणजे जी पंगत सर्वांसाठी ‘जुनाट’ ठरली, ती मोजक्यांसाठी जशीच्या तशी शिल्लक राहते. बाकीच्यांनी वैशाखाच्या उन्हात, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर गेला असताना, रांगेत उभे राहायचे. गुडघे धरलेली आजी, कडेवर मूल घेतलेली लेकुरवाळी, खेड्यावरून आलेला आणि कोणत्या भांड्यात काय आहे हे विचारायला लाजणारा शेतमजूर, ही माणसे रांगेत मागे पडतात आणि अर्धपोटी परततात. त्यांना ‘अजून घ्या’ म्हणणारा कोणी नसतो. पूर्वी जात पाहून पायरी ठरे. आता पैसा आणि पद पाहून ठरते.

युरोपचा दाखला येथे उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकात तिकडच्या श्रीमंतांच्या घरी एकेक पदार्थ प्रत्येकाच्या पानात वाढण्याची रीत रूढ झाली. तिला नोकरांचा ताफा लागे. त्या तुलनेत टेबलावर सर्व मांडून ज्याने त्याने घ्यावे, ही रीत माणसे वाचवणारी होती. खानदेशात नेमके उलटे घडले. येथे वाढणारे हात भाऊबंदांचे आणि गल्लीतल्या पोरांचे होते, त्यांना मजुरी नव्हती. माणसे वाचवणारी रीत येथे थाट म्हणून आली आणि ताटामागे दर लावणारा ठेकेदार सोबत घेऊन आली. पंगतीत वरण, बट्टी, भाजी, भात आणि एक गोड एवढ्यावर इभ्रत राहत असे. बुफेचे टेबल पाहण्यासाठी मांडलेले असते. त्यामुळे शेजाऱ्याच्या टेबलावर दहा पदार्थ असतील तर आपल्या टेबलावर बारा हवेत. कापसाच्या भावावर वर्ष काढणाऱ्या बापाला हे दोन जास्तीचे पदार्थ सावकाराच्या दारात नेऊन उभे करू शकतात. विवाहातील उधळपट्टीला आळा घालणारे एक खाजगी विधेयक २०१६ साली संसदेपुढे मांडले गेले. पाच लाखांहून अधिक खर्च करणाऱ्याने दहा टक्के रक्कम गरीब मुलींच्या विवाहासाठी द्यावी, अशी त्यात तरतूद होती. ते कायदा झाले नाही. हे काम अखेर गावालाच करावे लागणार आहे.

आणि ठेकेदाराबरोबर येणारी ती मुले? पांढरा सदरा, गळ्यात बो, हातात पाण्याचे ट्रे. चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने मनाई आहे. मांडवात उभ्या असलेल्या प्रतिष्ठितांनी त्यांच्यापैकी एखाद्याचे वय तरी विचारावे. रात्री उशिरा, टेबले उचलल्यावर, ताटल्यांच्या ढिगाशेजारी बसून जे जेवतात, तेच आजच्या मांडवाबाहेरचे लोक होत.

पंगतीपुढील अडचणीही खऱ्या आहेत. तिला जागा लागते, वेळ लागतो आणि वाढणारी पोरे आता पुण्याला नाहीतर सुरतेला नोकरीत आहेत. पण अडचण आहे म्हणून विचार सोडण्याचे कारण नाही. शीख समाजाच्या लंगरात शतकानुशतके हजारो माणसे एका ओळीत बसून एकच अन्न जेवत आली आहेत. तिथेही त्या ओळीला पंगतच म्हणतात. वाढणे ही तेथे सेवा मानली जाते, त्यामुळे वाढणाऱ्या हातांची वाण पडत नाही. पहूरच्या मांडवात वरपक्षाच्या तरुणांनीही वाढायला उभे राहिले तर हात दुप्पट होतील आणि मुलीच्या बापाची मान थोडी वर होईल. ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी त्याच ओळीत बाके मांडावीत. ज्या बायकांनी रांधले त्यांची पंगत पहिली बसावी. आचारी, भांडी घासणारे, वाजंत्री यांची पाने पाहुण्यांच्या पंगतीतच पडावीत. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पळसाच्या पत्रावळी लावणाऱ्या हातांना त्यातून चार पैसे मिळावेत. आणि पुढाऱ्याला जेवायचे असेल तर त्याने ओळीत जिथे जागा मिळेल तिथे बसावे.

जागेअभावी वा माणसांअभावी ज्याला बुफेच लावणे भाग आहे, त्यानेही हीच कसोटी लावावी : खुर्च्या सर्वांना, रांग एकच, पदार्थ मोजके. पंगत असो वा बुफे, त्या जेवणाची परीक्षा पहिल्या पानावर करू नये. शेवटच्या माणसाच्या पानात काय पडले आणि ते त्याने कोणाशेजारी बसून खाल्ले, हे पाहावे. पहूरच्या घरात बेरीज करीत बसलेल्या त्या बापाला हे सांगण्याचे धैर्य घरातल्या शिकलेल्या मुलांनी दाखवावे. दोन पदार्थ कमी केल्याने इभ्रत जात नाही, हे त्यांनीच त्याला पटवून द्यायचे आहे.